अचानक माणूस गेल्यावर सिस्टरने काय करायचं, नवीन स्टाफसाठी

सगळ्यात आधी नाव चेक करा. वाचायला साधं वाटतं, पण पुणे हायवेवरनं एकाच जीपमधली सात-आठ माणसं एकदम कॅज्युअल्टीत येतात, त्यातले तिघं एकाच आडनावाचे, दोघांचे केसपेपर अजून 'अननोन' म्हणूनच चाललेत, अशा वेळी बाहेर उभ्या असलेल्या बाईला चुकीच्या माणसाचं सांगितलं तर ते परत घेता येत नाही. केसपेपर, हातातला बँड, अंगावरचे कपडे, खिशातलं आधार कार्ड, जे असेल ते जुळवून बघायचं आणि समोर जो उभाय तो पेशंटचा नेमका कोण लागतो ते विचारायचं. "मी त्यांचाच माणूस" हे उत्तर चालत नाही, ड्रायव्हर पण तेच म्हणतो आणि शेजारी पण.

मी सोलापुरात एकोणीस वर्षं नर्सिंग करतेय, सुरुवातीला कॅज्युअल्टी, मधे तीन वर्षं लेबर रूम, आता ऑर्थो, म्हणजे हाडांचा वॉर्ड. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, तिन्हीकडं जाणारी माणसं आपल्याच रस्त्यांवरनं जातात, त्यात कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळं सकाळी घरातनं डबा घेऊन हसत निघालेला माणूस दुपारी स्ट्रेचरवर येतो हे आपल्याला लई वेळा बघावं लागतं. शिकताना दुःखाचे पाच टप्पे पाठ केलेले असतात, पण टप्पे काही रांगेत येत नाहीत, आणि त्या बाईला कुठं बसवायचं, काय शब्द वापरायचा, बॉडीवरची चादर कुठपर्यंत ओढायची हे कुणी शिकवत नाही. ते लिहितेय.

डेथ डिक्लेअर करणं आणि सांगणं हे डॉक्टरचं काम, ते आपण एकटीनं अंगावर घ्यायचं नाही. पण डॉक्टरसोबत आपण जायचं, जायचंच. डॉक्टर दोन मिनिटात सांगून पुढच्या पेशंटकडं पळतात, त्यांचाही इलाज नसतो, तिथनं पुढचा अर्धा तास आपला असतो. जाण्याआधी रक्ताचा ॲप्रन बदला, ग्लोव्हज काढा, हात धुवा. नातेवाइकांना कॉरिडॉरमधनं हलवून ड्रेसिंग रूम, चेंजिंग रूम, जे मोकळं असेल तिथं न्या, खुर्च्या नसतील तर वॉर्डबॉय मामांना सांगून दोन स्टूल तरी आणून घ्या, कारण उभ्या माणसाला सांगितलं की माणूस खाली कोसळतो आणि डोकं फरशीवर आपटतं, मी बघितलंय. पाण्याची बाटली आधीच भरून ठेवा. फोन सायलेंट. आणि आपण पण बसायचं, दारात एक पाय ठेवून बोलायचं नाही. बाहेर पन्नास माणसं जमलेली असतील आणि वातावरण तापलेलं असेल तर सिक्युरिटीला आधी सांगून ठेवा, घरचे दोघं-तिघंच आत घ्या, आणि दाराच्या बाजूची जागा आपली.

आता शब्द. आपल्यात "एक्स्पायर झाले" म्हणायची सवय आहे, किंवा आपापसात "ऑफ झाला". मोहोळ-मंगळवेढ्याकडनं आलेल्या म्हाताऱ्याला एक्स्पायर कळत नाही, तो मान हलवतो आणि पाच मिनिटांनी विचारतो "मग आता पुण्याला हलवायचं का?" तसंच "आम्ही खूप प्रयत्न केले पण..." म्हणून वाक्य अर्धं सोडायचं नाही, माणूस त्या 'पण'ला धरून बसतो. "वारले" म्हणा. वाक्य असं, "काकू, वाईट बातमी आहे. काका वारले. आणलं तेव्हा हृदय बंद होतं, चाळीस मिनिटं प्रयत्न केला, पण ते परत सुरू झालं नाही." बास. नातं घालून बोला, 'पेशंट' म्हणू नका, 'बॉडी' तर घरच्यांसमोर नकोच, "काकांना आत ठेवलंय" म्हणा. आपल्या गावात भाषेचा प्रश्न पण आहे, सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी आजी असेल तिला 'चनिपोयारु' कळतं, अक्कलकोटकडच्या कन्नड माणसाला 'तीरकोंड्रु', मुस्लिम घरात 'इंतकाल हो गया'. स्टाफमधलं कुणीतरी ती भाषा बोलणारं असतंच, त्यांना बोलवा. सोबत आलेल्या दहा वर्षांच्या नातवाला "आजीला सांग बरं" असं म्हणायचं नाही, त्या लेकराच्या तोंडून ते वाक्य जायला नको.

सांगून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लगेच काहीतरी बोलावंसं वाटतं, फॉर्म आठवतात, शिफ्ट संपत आलेली असते. तरी गप्प. कुणी ओरडतं, कुणी छाती बडवतं, कुणी एकदम शांतपणे विचारतं "गाडी कुठं लावलीय आमची?" आणि नातेवाइकांना वाटतं हिला काहीच वाटेना, तसं नसतं, अजून आत उतरलेलं नसतं. तेच ते चारचारदा विचारतील, चारचारदा त्याच शब्दात सांगायचं, वैतागायचं नाही. "रडू नका", "धीर धरा", "देवाची मर्जी", "सुटले बिचारे" हे काही काही बोलायचं नाही. देवाचं त्यांना म्हणू द्या, ते त्यांच्या तोंडी शोभतं, आपण फार तर "मी इथंच आहे" म्हणायचं आणि खरंच तिथं राहायचं. बाई असेल तर खांद्यावर हात ठेवते मी, बाप्या माणसाला पाण्याचा ग्लास हातात देते, ग्लास धरायला लागला की हाताची थरथर थोडी कमी होते.

अजून एक, ह्याच वेळी घरच्यांच्या तब्येतीकडं पण बघायचं. गेलेल्या पोराचा बाप शुगरचा पेशंट असतो, सकाळपासनं पोटात काही नाही, गोळी मात्र घेतलेली, त्याला दरदरून घाम सुटतो आणि सगळे म्हणतात दुःखानं झालंय. ग्लुकोमीटर लावा. आणि आईच्या छातीत दुखतंय म्हटलं तर मनाचं आहे म्हणून सोडायचं नाही, मोठ्या धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर पडतो आणि अगदी अटॅकसारखाच त्रास होतो, पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. ईसीजी काढा.

भेटवण्याचं. सूज, जखम, तोंडातली नळी, काय काय दिसणार आहे ते आत नेण्याआधी सांगायचं, "चेहऱ्यावर सूज आहे, डाव्या बाजूला पट्टी आहे, हात थंड लागेल." एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, नसेल तर नळ्या काढून, तोंड पुसून, केस नीट करून, डोळे मिटवून, हनुवटीला बँडेजचा आधार देऊन स्वच्छ चादर घालायची. एमएलसी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नळी काढायची नाही, अंग धुवायचं नाही, कपडे पोलिसांसाठी जपून ठेवायचे, पण चेहऱ्याभोवतीची उशी बदलणं, रक्ताची चादर झाकून वरनं दुसरी घालणं एवढं होतं की. चादर छातीपर्यंत ठेवा आणि एक हात बाहेर काढून ठेवा, जो जखमी नाही तो. लोकांना चेहऱ्याला हात लावायची भीती वाटते, हात धरायला वाटत नाही. एका चादर कारखान्यातल्या कामगाराच्या बायकोनं त्याच्या बोटांच्या पेरांत अडकलेलं सूत एक एक करून काढलं होतं, पंधरावीस मिनिटं, काही न बोलता, आणि मी मागं बेड लागतोय म्हणून आलेल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, हातानंच थांबवलं. बेडची सोय झाली मग दुसरीकडं.

दागिन्यांची लिस्ट दोन साक्षीदारांसमोर करा. सोनं लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूचं मंगळसूत्र एक' असं लिहायचं, मोबाईल फुटलेला असेल तर फुटलेला म्हणून लिहायचं, सही घेऊन द्यायचं. आणि देताना प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत घालून देऊ नका हो, पाकिटात घाला, नाव घाला.

रिवाज विचारून घ्या, गृहीत धरू नका. मुस्लिम घरात चेहरा किब्ल्याकडं, म्हणजे आपल्याकडनं पश्चिमेला करतात आणि दफन लवकर हवं असतं, त्यामुळं पीएमला, म्हणजे पोस्टमॉर्टेमला, किती वेळ जाईल ते खरं खरं सांगा, "तासाभरात मिळेल" असं तोंडदेखलं सांगून त्यांना शवागाराबाहेर सहा तास बसवू नका. लिंगायत घरात बसवून नेतात, उन्हाळ्यात अंग लवकर ताठ होतं, म्हणून ते घाई करतात, त्यांच्यावर चिडू नका, आणि गळ्यातलं लिंग काढायचं नाही. नेत्रदानाचं विचारायचं असेल तर सांगितल्या सांगितल्या नाही, आधी रडू द्या, पण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात हे लक्षात ठेवून तोवर पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी एवढं करून ठेवा. एमएलसी असेल तर पोलिसांना विचारावं लागतं.

आणि बांगड्या. नवरा गेला की जमलेल्या बायका तिथंच, आयसीयूच्या दारात, तिच्या बांगड्या फोडायला लागतात, कुंकू पुसतात, तिला अजून आपलं काय झालंय ते कळलेलं पण नसतं. मी मधे पडते. भांडत नाही, "मावशी इथं नको, काचा उडतील, तिचा हात कापेल, इन्फेक्शनचा वॉर्ड आहे" एवढंच म्हणते, आणि खरंच हात कापलेल्या बायकांचं ड्रेसिंग मी केलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी गावांनी पण तसं करावं म्हटलं, आणि त्या कामामागे आपल्या करमाळ्याची माणसं होती. घरी काय होईल ते आपल्या हातात नाही. पण वॉर्डात तिच्या मनगटावर आपला हात ठेवता येतो.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पेशंट स्वतःच ॲडमिट आहे आणि तिचंच माणूस गेलंय, आणि घरचे म्हणतात "तिला सांगू नका सिस्टर, तिला सहन होणार नाही."

ऑर्थोला आल्यावर पहिल्या वर्षाची गोष्ट, कुठल्या हॉस्पिटलची ते राहू द्या. नवरा, बायको, मुलगा मोटारसायकलवर, ट्रकनं उडवलं, नवरा जागेवर गेला, मुलाला नुसतं खरचटलं, बाईची मांडी मोडली, ट्रॅक्शन लावलं, म्हणजे पायाला वजन बांधून ताणून ठेवलं. ती रोज विचारायची "आमचे हे कुठंयत?" आणि सगळे सांगायचे खालच्या वॉर्डात, पाय प्लॅस्टरमध्ये आहे म्हणून वर येता येईना. मी पण सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं, वर "आज जेवले नीट" असं पण एकदा म्हणाले. दहाव्या दिवशी दुपारनंतर मुलगा आला, डोक्यावर टोपी, मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री. तिनं त्याला जवळ घेतलं, घाम पुसायला टोपी काढली. पोराचं मुंडन केलेलं होतं.

ती ओरडली नाही. टोपी परत त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडं बघितलं. त्यानंतर महिनाभर ती आमच्याकडं होती पण एका पण सिस्टरवर तिनं विश्वास ठेवला नाही, इंजेक्शन कसलंय ते दोनदोनदा विचारायची, गोळी उशीखाली लपवायची, "मला पण मारायलेत का" म्हणायची. आणि तिला शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच. ते मी तिच्याकडनं घेतलं, घरच्यांसोबत मिळून.

म्हणून आता मी असं करते. घरचे नको म्हणाले की त्यांना बाजूला बसवून विचारते, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय? बहुतेक वेळा उत्तर असतं, तिचा बीपी वाढेल, हार्टफेल होईल. मग डॉक्टरांना तिथंच बोलवते, डॉक्टर सांगतात तब्येत किती स्थिर आहे. व्हेंटिलेटरवर असेल, शुद्ध नसेल, ऑपरेशनला आत्ता घेतायत, तर थांबणं बरोबर आहे. पण शुद्धीत आहे, बोलतेय, विचारतेय, तर सांगावं लागतं आणि अंत्यविधीच्या आधी सांगावं लागतं, कारण तोंड बघायची वेळ एकदा गेली की गेली. घरच्यांपैकी तिचं सगळ्यात जवळचं कोण, आई, बहीण, त्यांना तिच्या उशाशी बसवायचं, डॉक्टर सांगतील, आपण शेजारी. नंतर शक्य असेल तर स्ट्रेचर तिच्या बेडजवळ आणायचं, पडदे ओढायचे, ट्रॅक्शन असलं तरी बेड हलतो, दोन मामा लागतात फक्त. हे आम्ही केलंय, एकदा नाही बऱ्याच वेळा, कुणाचं हार्टफेल झालेलं मी बघितलं नाही, रडताना बघितलंय.

आणि ठरेपर्यंतच्या मधल्या वेळात तिनं विचारलं तर? खोटं बोलायचं नाही. "मला पूर्ण माहिती नाही, मी डॉक्टरांना घेऊन येते" हे पण माहिती असताना खोटंच आहे, त्यापेक्षा "ह्याबद्दल डॉक्टर आणि तुमची आई तुमच्याशी बोलणार आहेत, मी आत्ताच त्यांना बोलावते" असं म्हणते आणि खरंच बोलावते. ती त्यातनंच ओळखते कधी कधी. ओळखू द्या, फक्त तिथनं हलू नका.

फोनवर सांगायची वेळ आली तर पहिला प्रश्न, "तुम्ही कुठं आहात, गाडी चालवताय का?" बार्शीहनं बाईकवर निघालेल्या मुलाला रस्त्यात सांगायचं नाही. "तब्येत फार गंभीर आहे, गाडी दुसऱ्याला चालवायला द्या, सोबत कुणाला तरी घ्या." त्यानं सरळ विचारलं "आहेत का नाहीत?" तर गाडी बाजूला घ्यायला लावा, सोबत कोण आहे त्याच्याशी बोला, मग सांगा.

लेबर रूमचं वेगळं आहे. बाळ पोटात गेलं किंवा जन्मून लगेच गेलं, तर त्या आईचा बेड रडणाऱ्या बाळांच्या शेजारी ठेवू नका, जागा नसेल तर गायनॅक वॉर्डात कोपऱ्यात द्या, आणि केसपेपरवर अशी खूण करा की सकाळची सिस्टर येऊन "बाळाला दूध पाजलं का" विचारणार नाही. विचारतात, मुद्दाम नाही, घाईत. पोटात गेलेल्या बाळाला आपण 'आययूडी' म्हणतो, तिच्यासमोर तसं म्हणू नका, बाळ म्हणा, मुलगा का मुलगी ते सांगा. बघायचंय का, हातात घ्यायचंय का ते विचारा, हो म्हणाली तर दुपट्यात गुंडाळून द्या, नाही म्हणाली तर जबरदस्ती नाही, पण संध्याकाळी परत एकदा विचारा, मन बदलतं. सासूबाई म्हणतील "नको दाखवू, जीव अडकतो", त्यांचं पण ऐकून घ्या, पण विचारायचं तिलाच. "तरुण आहेस, दुसरं होईल" हे वाक्य वॉर्डात कुणी बोलायला लागलं तर विषय बदला.

दुधाचं कुणी सांगतच नाही तिला. दोन-तीन दिवसांनी, म्हणजे बहुतेक घरी गेल्यावर, दूध येतं आणि ती हादरून जाते. डिस्चार्जच्या आधी सांगा, घट्ट पण न काचणारी ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या, फार ठणकलं तर थोडंसंच पिळायचं, दूध आटायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायचं, ताप आला किंवा लालसर गाठ झाली तर लगेच यायचं. आणि त्या गावच्या आशाताईला फोन करून सांगा, नाहीतर दीड महिन्यानं ती बाळाच्या डोसचं विचारायला दारात उभी राहते.

पाय कापावा लागलेल्या शुगरच्या पेशंटला पण हेच सगळं लागू पडतं, तो पण शोकच आहे. नसलेला अंगठा दुखतोय म्हणाला तर मनाचे खेळ म्हणू नका, ते दुखणं खरं असतं, औषध असतं त्याला.

आत्महत्येची केस असेल तर घरच्यांना "काय झालं होतं, भांडण झालं का" हे आपण विचारायचं नाही, पोलीस विचारणारच आहेत, आपल्या तोंडून तो प्रश्न आरोपासारखा लागतो. टेली मानसचा १४४१६ नंबर कागदावर लिहून द्या, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कागदाचं आठवलं म्हणून, त्या अर्ध्या तासात सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्यामुळं सगळं एका कागदावर मराठीत लिहून द्या, पीएम कुठं, कुणाला भेटायचं, दाखला कुठनं मिळेल, वॉर्डचा नंबर. आणि मृत्यूच्या फॉर्मवरचं नाव आधार कार्डाप्रमाणेच घाला, स्पेलिंगसकट, घरातल्या शांत असलेल्या माणसाकडनं वाचून घ्या. नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे. एका अक्षराच्या चुकीपायी विम्यासाठी, पेन्शनसाठी वर्षभर खेटे घालणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना दर वेळी त्याच खिडकीवर उभं राहून नवरा गेल्याचं परत सांगावं लागतं.

तुमचं स्वतःचं पण बघा. रडू आलं तर येऊ द्या, पेशंटसमोर डोळे भरले तरी काही बिघडत नाही, आपल्याला सांभाळायची वेळ त्यांच्यावर आणली नाही म्हणजे झालं. नंतर दहा मिनिटं चेंजिंग रूममध्ये, चहा, सोबतच्या सिस्टरशी दोन शब्द, मग पुढचा पेशंट. सिनियर असाल तर नवीन मुलीला त्या दिवशी लागोपाठ दुसरी डेथ देऊ नका.

आणि शिफ्ट सोडताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना नुसतं 'रिलेटिव्ह इन्फॉर्म्ड' लिहून जाऊ नका. मी रिपोर्ट बुकात असं लिहिते, "बेड नं. ११, पतीचे निधन झाल्याचे डॉक्टरांनी आईसमक्ष दुपारी ४ वाजता सांगितले, 'वारले' हा शब्द वापरला. ५.१० ला बेडजवळ आणून भेट घडवली. मुलगा ७ वर्षे, त्याला मामा रात्री घरी सांगणार आहेत, तोपर्यंत त्याच्यासमोर बोलू नये. पेशंट पाणी घेते, जेवण नको म्हणते. रात्री जाग आली तर शेजारी बसावे, लाईट बंद करू नये, तिने तसे सांगितले आहे."